जर्मनीतल्या नर्सिंग आउसबिल्डुंगसाठी (हॉस्पिटलमध्ये काम करत घ्यायचं शिक्षण) एजंट ‘शाळेची फी’ मागत असेल तर हे वाचा

एजंटने माझ्याकडून साडेचार लाख रुपये घेतले. त्यातले दोन लाख जर्मनीतल्या नर्सिंग शाळेची फी आणि दीड लाख हॉस्पिटलमधली ‘सीट’ पक्की करायला, असा हिशोब त्याने लिहून दाखवला होता. तिथे पोचल्यावर शाळेच्या ऑफिसात मी फीची पावती मागितली, तर तिथल्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. फी नसतेच! 2020 पासून लागू असलेल्या जर्मन कायद्यानुसार या तीन वर्षांच्या शिक्षणासाठी विद्यार्थ्याकडून फी घेता येत नाही, उलट पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन मिळतं. सीटही विकत घ्यावी लागत नाही. माणसं मिळत नाहीत म्हणूनच तर ते परदेशातून मुलं बोलावतात. हॉस्पिटलनेही याच एजंटला माझ्यासाठी वेगळे पैसे मोजले होते, हे नंतर वॉर्डातल्या सीनियर नर्सकडून कळलं.

पैशांपेक्षा मला चीड आहे ती बाँडची. तिकीट हातात आल्यावर एजंटने हॉस्पिटलच्या नावाने छापलेला एक कागद सहीसाठी पुढे केला: तीन वर्षांच्या आत शिक्षण सुटलं तर आठ हजार युरो भरायचे. आता शिक्षण सुटण्याची भीती खरी असते. पहिले सहा महिने प्रोबेशन. जर्मन भाषेचं बी-टू पातळीचं सर्टिफिकेट असलं तरी सकाळी शिफ्ट बदलताना नर्स बोलीभाषेत भराभर सांगत जातात, कुणाला रात्री ताप आला, कुणाचं कॅथेटर बदललं, आणि ते समजून लगेच लिहायचं असतं. माझ्या बॅचमधल्या मोरोक्कोच्या मुलीला चार भाषा येतात, तरी रिपोर्ट लिहिताना तिलाही घाम फुटायचा. एजंटच्या क्लासात फक्त परीक्षा पास कशी व्हायची ते शिकवलं, वॉर्डातला एक शब्द नाही.

याच एजंटकडून आलेल्या एका मुलीला प्रोबेशनमध्ये काढलं. लगेच त्याचा मेसेज: पैसे भर, नाहीतर व्हिसा रद्द करायला लावतो. पोरगी जेवायची बंद झाली.

तिला आम्ही ‘फेअर इंटिग्रात्सिओन’च्या सल्ला केंद्रात नेलं. परदेशातून आलेल्या कामगारांना तिथे फुकट आणि अनेक भाषांत सल्ला मिळतो. तिथे कळलं, की आउसबिल्डुंगच्या करारात दंडाची किंवा शिक्षणाचा खर्च परत करायची अट खुद्द हॉस्पिटलने घातली तरी ती रद्दबातल ठरते. या बाँडचा तर हॉस्पिटलला पत्ताही नव्हता. व्हिसा एजंटच्या हातात नसतोच. आपल्याकडून काही चूक नसताना शिक्षण तुटलं, तर दुसरी जागा शोधायला सहा महिन्यांपर्यंत मुदत देण्याची कायद्यात तरतूद आहे. तिला ती मिळाली, आता ती दुसऱ्या गावी शिकते आहे.

निघण्याआधी मूळ जर्मन करार हातात घ्या, एजंटने केलेला सारांश नको. त्यात ‘फ्लेगेफाखफ्राऊ’, ‘फ्लेगेफाखमान’ किंवा ‘फ्लेगेफाखपर्सोन’ (म्हणजे पूर्ण प्रशिक्षित नर्स) हे पात्रतेचं नाव, मुदत आणि महिन्याचं विद्यावेतन लिहिलेलं असायला हवं. शाळा हॉस्पिटलची स्वतःची नसेल तर कराराला शाळेचीही संमती लागते. शाळेला स्वतः ईमेल करा, उत्तर येतं. परदेशी भरती करणारा एजंट नोंदणीकृत आहे का, ते भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं, आणि त्याला 30,000 रुपये व त्यावरचा जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं.

माझी पावती ‘करिअर मार्गदर्शन शुल्क’ अशी आहे. भरतीचे पैसे घेतलेच नाहीत, असं एजंट आता त्याच पावतीच्या जोरावर सांगतो. पोलिसांत तक्रार दिली आहे, सोबत त्याने लिहिलेला हिशोबाचा कागद आणि बँकेच्या नोंदी जोडल्या आहेत. तुमच्याकडे असं काही असेल तर एकही मेसेज डिलीट करू नका.