मरिन ओपन पॉलिसी : दालचिनीच्या आयातदाराचा नऊ महिन्यांचा अनुभव

वाशीच्या मसाला मार्केटमध्ये आमचा गाळा, गोदाम तुर्भ्याला. व्हिएतनामची दालचिनी आम्ही वर्षानुवर्षे सीआयएफवर घ्यायचो, म्हणजे जहाजाचं भाडं आणि विमा दोन्ही विकणाऱ्याकडे. विमा पाठवणारा काढतोय ना, मग आपल्याला कशाला ताप? ९ जून २०२५ला कोलंबोहून न्हावा शेवाला येणाऱ्या वान हाय ५०३ जहाजाला केरळसमोर आग लागली, तेव्हा कुठे विम्याची जुनी सर्टिफिकेटं काढून वाचली. सगळ्यांवर ‘क्लॉज सी’, म्हणजे माल-विम्यातलं सर्वात तुटपुंजं संरक्षण! सीआयएफमध्ये विकणाऱ्यावर तेवढंच बंधन असतं. आग, टक्कर, जहाज बुडणं त्यात येतं. कंटेनरमध्ये समुद्राचं पाणी शिरलं तर येत नाही. मग सौदे सीएफआरवर आणले (भाडं विकणाऱ्याचं, विमा आपला) आणि ‘क्लॉज ए’ची, म्हणजे सर्वात व्यापक संरक्षणाची, स्वतःची ओपन पॉलिसी घेतली; एकाच पॉलिसीत येणारा प्रत्येक माल धरला जातो. विम्याची रक्कम सीआयएफ किंमत अधिक दहा टक्के.

ऑगस्टचा कंटेनर उघडला तर कोपऱ्यातल्या ११ गोण्या ओल्या, कुबट वास. नुकसान तपासणारा सर्व्हेअर दुसऱ्याच दिवशी आला. आत शिरून दार लावून घ्यायला सांगितलं. मीही आतच होतो. मिट्ट काळोखात छताला सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. मग ओल्या गोणीवर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, तर पाणी दुधासारखं पांढरं. खारं पाणी! शिपिंग लाइनला तीन दिवसांत लेखी नोटीस द्यायची असते, हे आमच्या सीएचएने (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटाने) आठवण करून दिलं म्हणून सुचलं. विमा कंपनीकडून पैसे मिळाले, पण चार महिन्यांनी, आणि तोच बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाजावर माल चढल्याची पावती) तीनदा मागून.

जानेवारीत उलट झालं. वरचा थर भिजलेला, थेंब टाकले तर पाणी जसंच्या तसं, म्हणजे खारं नव्हेच. दिवसा तापलेला डबा रात्री गार होतो, आतला दमटपणा छताला धरतो आणि मालावर ठिबकतो. विमा कंपनीने ‘मालाचा अंगभूत दोष’ म्हणून क्लेम फेटाळला. मी चिडलो, भांडलोही. पण माल भरतानाचा ओलाव्याचा रिपोर्ट माझ्याकडे नव्हता, मग भांडणार कशावर? आता तो रिपोर्ट आल्याशिवाय सील लावू देत नाही, आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगायला लावतो.

उशिराचं नुकसान मात्र कुठल्याच क्लॉजमध्ये नाही. दिवाळीचा माल दिवाळीनंतर आला तर बोंबला. युद्धाचा धोका वेगळा घ्यावा लागतो. जनरल अॅव्हरेज, म्हणजे जहाज वाचवायच्या खर्चातला आपला वाटा, ‘सी’मध्येही आहे, ते बरंय, नाहीतर आपला माल सुखरूप असला तरी तो वाटा खिशातून भरावा लागला असता.

पॉलिसीला पाचपैकी साडेतीन गुण. रिन्यू करतोय. सिल्व्हर नायट्रेटची बाटली मीही गोदामात आणून ठेवलीय. बोटावर सांडलं तर काळा डाग आठवडाभर निघत नाही.