उद्यमबागेतील कारखान्याचे नेटवर्क नव्याने उभारताना: एका सेवेचे परीक्षण

बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या कारखान्यात बीडाच्या ओतकामापासून सीएनसी मशीनवरील फिनिशिंगपर्यंतची कामे एकाच आवारात चालतात. संगणक वाढत गेले तसा गरज पडेल तेथे आठ पोर्टचा साधा स्विच (संगणकांच्या केबली एकत्र जोडणारी पेटी) जोडून आम्ही बारा वर्षे निभावून नेले. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर टिळकवाडीतील एका लहान सेवादाराकडे हे सारे नेटवर्क नव्याने उभारण्याचे काम सोपवले.

त्याला निमित्त झाली एक केबल. रात्रपाळीत खाली लोंबणारी केबल कोणीतरी चांगल्या हेतूने रिकाम्या पोर्टमध्ये खोचली. तिचे दुसरे टोक त्याच स्विचमध्ये होते, त्यामुळे माहिती त्याच वळशात फिरत राहून सारे नेटवर्क तुंबले. सकाळी हिशेबाचे टॅली सॉफ्टवेअर, हजेरीचे यंत्र आणि स्टोअरचा संगणक एकदम ठप्प झाले, आणि दोष सापडेपर्यंत माल भरलेल्या दोन गाड्या ई-वे बिलाविना फाटकात उभ्या राहिल्या. नव्या स्विचमध्ये असा वळसा तयार होताच ते पोर्ट आपोआप बंद होते. हे आम्ही सेवादारासमोर मुद्दाम केबल जोडून पाहिले.

सेवादाराने पहिले तीन दिवस केवळ केबली मोजल्या आणि नकाशा काढला, हे मला सर्वांत आवडले. अकरा स्विच निघाले आणि त्यांच्या जागी तीन मॅनेज्ड स्विच, म्हणजे प्रत्येक पोर्टवर नियम लावता येणारे स्विच, आले. ऑफिस आणि मशीन शॉप यांत सुमारे १४० मीटर अंतर आहे. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर असल्यामुळे पूर्वी वॉचमनच्या खोलीत मध्ये एक स्विच ठेवला होता, आणि तो उघडला तेव्हा आत ओतकामाच्या वाळूचा काळा थर साचलेला होता. आता तेथे फायबर आहे. फायबरमधून वीज वाहत नसल्याने वळवाच्या विजांमध्ये दरवर्षी जळणारी पोर्टे यंदा वाचली.

सुरक्षिततेच्या दृष्टीने खरे काम व्हीलॅनचे, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगळे गट पाडण्याच्या सोयीचे, आहे. हिशेब, मशीन शॉप, कॅमेरे आणि पाहुण्यांचे वायफाय यांचे चार गट केले असून एका गटातून दुसऱ्यात जाणारी वाट फायरवॉलमधूनच, म्हणजे ये-जा तपासून अडवणाऱ्या यंत्रणेतूनच, जाते. आमच्या दोन मशीनांचे कंट्रोलर विंडोज एक्सपीवर चालतात. त्या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या, ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, आणि मशीन बदलणे परवडणारे नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर एका संगणकातून शेजारच्या संगणकांत कसे पसरले, हे आठवले की या मशीनांना फक्त प्रोग्राम ठेवलेल्या एका सर्व्हरपर्यंतच पोहोचू देण्याचे महत्त्व कळते. एवढ्या एका कामासाठीही मी हा खर्च पुन्हा केला असता.

उणिवाही स्पष्टपणे नोंदवल्या पाहिजेत. ऑफिसचे संगणक ८०२.१एक्स या प्रमाणित पद्धतीने ओळख पटवूनच नेटवर्कला जोडले जातात. मात्र जुने प्रिंटर आणि हजेरीचे यंत्र यांना ती पद्धत जमत नसल्याने त्यांना केवळ मॅक पत्त्यावरून, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क ओळख क्रमांकावरून, प्रवेश दिला आहे. मॅक पत्त्याची नक्कल सहज करता येते, ही गोष्ट सेवादाराने आपण होऊन सांगायला हवी होती. यंत्रणेतील घडामोडींच्या नोंदी (लॉग) १८० दिवस जपण्याची सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशातील तरतूद त्यांच्या प्रस्तावात नव्हती. आम्ही आग्रह धरल्यावर लॉग सर्व्हर बसवला गेला. स्विचचे मुख्य पासवर्ड हाती यायला तर दोन महिने आणि चार पत्रे लागली. मालकाच्या यंत्रणेची किल्ली सेवादाराकडे राहणे मला मुळीच मान्य नाही, त्यामुळे अशी सेवा घेणाऱ्यांनी ही अट करारातच लिहून घ्यावी.

रॅकमधील चिठ्ठ्याही सुरुवातीला फक्त इंग्रजीत होत्या. आमचे निम्मे मिस्त्री मराठी बोलणारे, निम्मे कन्नड. आता प्रत्येक केबलवर दोन्ही भाषांत नाव आहे, आणि परवा कॅमेऱ्याचे सैल झालेले टोक रात्रपाळीच्या मिस्त्रींनी कोणालाही फोन न करता योग्य पोर्टमध्ये बसवले.