वॅगनआरला सीएनजी किट: चौदा महिन्यांचा हिशेब

गाडी 2013 ची पेट्रोल वॅगनआर, काम पौरोहित्याचं, मुक्काम इंदूर, सुदामानगर. बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलं त्याला चौदा महिने झाले आणि गाडी साडेएकोणीस हजार किलोमीटर पळाली. बसवायच्या आधी ज्याला विचारलं तो "पैसे वाचतात हो गुरुजी" एवढंच म्हणायचा. पैसे वाचतात हे खरं आहे, पण त्याच्या पुढचं कुणी सांगितलं नाही, ते मी लिहितो.

2021 साली इंदुरात पेट्रोलनं शंभरी ओलांडली आणि दिवाळीच्या तोंडावर ते 118 च्या घरात गेलं. मग केंद्रानं नोव्हेंबरात पाच रुपये आणि पुढच्या मे महिन्यात आठ रुपये एक्साइज कमी केली, 2024 च्या मार्चमध्ये भाव आणखी दोन रुपये उतरले. तरी शंभराच्या खाली काही येईना. मध्य प्रदेशात पेट्रोलवर 29 टक्के व्हॅट, वर लिटरला अडीच रुपये, वर एक टक्का सेस. माझा मेहुणा बडोद्याचा. इकडे यायचं म्हटलं की गुजरातेतच, दाहोदला टाकी फुल करतो आणि आमच्या दारात गाडी लावल्या लावल्या लिटरमागे किती वाचवले ते सांगतो. पोहे मात्र आमचेच खातो.

या सगळ्यात सत्यनारायणाची दक्षिणा जिथे होती तिथेच. यजमानांना वाटतं गुरुजी मंत्राच्या बळावर येतात.

आधी बाकीचे उपाय करून पाहिले. एका भागातल्या पूजा एका दिवशी घ्यायच्या ठरवल्या, पण मुहूर्त काही पेट्रोलचा भाव बघून निघत नाहीत. देवास-उज्जैनला दुसऱ्या गुरुजींबरोबर एका गाडीत जायला लागलो. ते अजून चालू आहे, फक्त त्यांची पूजा माझ्याआधी दोन तास संपते आणि ते यजमानांच्या ओट्यावर घोरत बसतात. माझ्याकडे शिकलेला एक मुलगा इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन फिरतो. राजवाडा, रामबाग, लोकमान्यनगर एवढ्यात त्याचं छान भागतं. मला महिन्यातून चार वेळा महू, दोनदा धार आणि सोबत तांब्याचं हवनकुंड. स्कूटरवर ते मांडीत घेऊन बसायचं वय गेलं.

तर किट. सिक्वेन्शियल प्रकारचं घेतलं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना स्वस्तातलं चालायचं, इंजेक्शनच्या गाडीला हेच बसवावं, यात इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला गॅसचा वेगळा इंजेक्टर असतो. टाकी साठ लिटरची, आणि इथेच माझी पहिली फसगत झाली. साठ लिटर हे पाण्याचं माप. गॅस मावतो नऊ-दहा किलो, तोही पंपावर दोनशे बारचं प्रेशर असेल तर. टाकी, किट, फिटिंग आणि आरसीवर नोंद धरून 52 हजार मोजले.

स्टिअरिंगच्या डावीकडे एक छोटं बटण बसवतात, त्यावर चार हिरवे ठिपके. गाडी सुरू होते पेट्रोलवरच. इंजिन तापलं की बॉनेटखाली टक् असा आवाज येतो आणि ठिपके स्थिर होतात, म्हणजे गॅस लागला. उन्हाळ्यात गल्लीच्या तोंडाशी लागतो, पौष महिन्यात पहाटे निघालो तर फूटी कोठी येईपर्यंत वाट बघायला लावतो. तेवढा वेळ मी दर वेळी कान देऊन असतो. टक् झालं की उगीच हायसं वाटतं, जणू कुणी खिशात दोन रुपये टाकले. ठिपके संपले की लाल दिवा आणि पीं-पीं. एकदा यजमानांचं पोरगं शेजारी बसलं होतं, त्यानं तो आवाज माझ्या मोबाइलचा समजून फोन कानाला लावला.

आता आकडे. पेट्रोलवर शहरात लिटरला पंधरा मिळायचे, म्हणजे 106 च्या भावानं किलोमीटरला सात रुपये. गॅसवर किलोला एकवीस मिळतात. गॅसचा भाव वर-खाली होतो, मी हिशेबाला 92 धरतो, म्हणजे किलोमीटरला चार रुपये चाळीस पैसे. महिन्याचे चौदाशे किलोमीटर धरले तर सदतीसशेच्या आसपास सुटतात. त्यातून सुरू करायला लागणारं पेट्रोल वजा करा, महिन्याला तीन लिटर जातंच. हाती राहतात चौतीसशे. चौदा महिन्यांनंतर माझे अजून पाचेक हजार फिटायचे आहेत. "सहा महिन्यांत वसूल" म्हणणारा टॅक्सीवाला असेल, नाहीतर किट विकणारा. ज्यांची गाडी रविवारी खजराना गणपती आणि सणासुदीला छप्पन दुकानची खाऊगल्ली एवढीच हलते, त्यांनी या भानगडीत पडू नये.

पैशाच्या जागी वेळ जातो. पंपांनाही गोत्र असतं हे मला रांगेत कळलं. काही पंप थेट पाइपलाइनवर, त्यांना ऑनलाइन म्हणतात. काहींना मदर स्टेशनवरून ट्रकमध्ये नळकांडी भरून गॅस येतो, ते डॉटर. मुलीच्या घरचा शिधा संपत आला की प्रेशर पडतं आणि पुढचा ट्रक येईपर्यंत सगळ्यांना उपास. आमच्या जवळचा नेमका डॉटर. तिथला पोरगा लांबूनच हात हलवतो, "पंडिज्जी, पिरेशर नी हे!" तरी हट्टानं भरायला गेलो तर सहा किलोवर काटा थांबतो. बटणावर तीनच ठिपके, आणि दोन दिवसांनी पुन्हा रांग.

रांग मी मिनिटांत मोजत नाही, माळेत मोजतो. गायत्रीची एक माळ म्हणजे माझी दहा-बारा मिनिटं. संध्याकाळी सातला पाच माळा, दुपारी तीनला दोन, पहाटे पाचला माळ पुरी व्हायच्या आत नंबर. म्हणून आता पहाटेच जातो. शाळेच्या व्हॅनवाले आणि रिक्षावाले तेव्हाच येतात. कुठला पंप दाबून भरतो, कुठला बंद पडला, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं. भरताना गाडीतून सगळ्यांनी उतरायचं हा नियम. एकदा लग्नाच्या घाईत नवरदेवाची आजी मागे बसलेली होती. दोघांनी धरून उतरवलं, पुन्हा धरून चढवलं. तेव्हापासून यजमान गाडीत असताना मी गॅस भरत नाही.

डिकी गेली हे मात्र मनाला लागलं. टाकी आडवी बसते आणि तिच्या पुढे एक फळी राहते, तेवढ्यात कळशी, ताम्हन, समिधांची मोळी आणि पत्रावळी मावतात. हवनकुंड मागच्या सीटवर, पट्टा लावून. आमची ही म्हणते, माझ्यापेक्षा त्याला जास्त जपता. सामानाचं एक वेळ जमवलं, स्टेपनीचं मी विचारलंच नव्हतं. टाकीचा सांगाडा बरोबर तिच्यावर बसवला होता. धार रोडवर वास्तुशांतीला जाताना चाक बसलं, मुहूर्त साडेनऊचा, आणि स्टेपनी दिसतेय पण निघत नाही. अर्धा तास रेटारेटी करून पाना फेकला आणि यजमानांना फोन लावला. त्यांचा भाऊ मोटरसायकलवर न्यायला आला. कुंड माझ्या मांडीवरच आलं शेवटी. तुम्ही बसवून घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी फिटरला स्वतःच्या हातानं स्टेपनी काढून दाखवायला सांगा.

चढावर ताकद कमी पडते. सपाटीला जाणवत नाही, पण ओंकारेश्वरला जाताना सिमरोलच्या पुढे भेरूघाटात चार माणसं आणि एसी असेल तर गाडी रडते. मी तिथे एसी बंद करून बटण पेट्रोलवर टाकतो, घाट संपला की परत गॅस. त्या निमित्तानं पेट्रोलचे इंजेक्टरही वापरात राहतात, मेकॅनिक तसं करायलाच सांगतो. इंजिनानं बाकी काही तक्रार केलेली नाही. प्लग एकदा बदलले, एअर फिल्टर आधीपेक्षा लवकर साफ करतो.

किटला मी पाचात चार देईन. ज्या गॅरेजात बसवलं त्याला दोन, आणि नाव घेत नाही. फिटिंग स्वच्छ केली, पाइप कुठे लोंबत नाही, याचे ते दोन. पण "पंधरा दिवसांत आरसीवर सीएनजी चढवून देतो" म्हणाले आणि तीन महिने लावले. दर आठवड्याला फोन केला की फाइल आरटीओत अडकलीय. शेवटी मीच नायता मुंडल्याच्या आरटीओत गेलो, तर फाइल तिथे पोचलेलीच नव्हती. ती गॅरेजवाल्याच्या टेबलावर, देवाच्या कॅलेंडरखाली. तोवर विम्यातही किटची नोंद नाही, म्हणजे त्या तीन महिन्यांत काही झालं असतं तर क्लेमच्या नावानं शंखच. टाकीवरची पट्टीही तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिली. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं टाकीची तपासणी, तारीख उलटून गेली तर पंपवाला नळी लावत नाही.

गॅरेजवाल्याच्या नव्या दुकानाची पूजा परवा आहे. बोलावणं मलाच आलं आहे. दक्षिणेबरोबर प्रवासखर्च वेगळा सांगितला आहे, पेट्रोलच्या भावानं.