पहिला असेंबल्ड संगणक: एएम४, एएम५ की इंटेल? कामासाठी आणि गेमिंगसाठी सुट्या भागांची तुलना

सुटे भाग निवडून पहिला संगणक स्वतः जोडणाऱ्याचे लक्ष बहुधा ग्राफिक्स कार्डावर खिळलेले असते आणि ते स्वाभाविकही आहे, कारण गेम किती सुरळीत चालणार हे मुख्यतः कार्डावर ठरते. मात्र पुढे बदलायला सर्वांत सोपा भागही तोच आहे. दोन स्क्रू आणि एक केबल काढली की जुने कार्ड निघते आणि त्याला गिऱ्हाईकही मिळते. मदरबोर्ड बदलायचा झाला, तर अख्खे कॅबिनेट रिकामे करावे लागते आणि सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची जागा) वेगळे असेल तर प्रोसेसरही नवा घ्यावा लागतो, बऱ्याचदा रॅमसुद्धा. म्हणून पुढील तुलनेत प्रत्येक पर्यायाला दोन प्रश्न विचारले आहेत: तो आज किती काम देतो, आणि तीन-चार वर्षांनी गरज वाढल्यावर त्यातले काय टिकते. वापर असा गृहीत धरला आहे की दिवसा प्रोग्रामिंग, कार्यालयीन काम किंवा फोटो-व्हिडिओचे संपादन चालेल आणि संध्याकाळी १०८०पी किंवा त्याहून बारीक बिंदूंच्या १४४०पी पडद्यावर गेम खेळले जातील.

सॉकेट: खरा निर्णय येथे होतो

मध्यम खर्चाच्या संगणकासाठी मुख्यतः तीन वाटा आहेत. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर रायझन प्रोसेसर २०१७ पासून चालत आले आहेत. त्याच कंपनीचे एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आले. आणि इंटेलचे एलजीए १७०० सॉकेट नोव्हेंबर २०२१ पासून १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीच्या प्रोसेसरांसाठी वापरले गेले. तिन्हींवरचा सर्वसामान्य प्रोसेसर सहा मुख्य कोअरचा (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांचा) आहे: अनुक्रमे रायझन ५-५६००, रायझन ५-७६०० आणि कोअर आय५-१२४००. कागदावर तिघेही सहा कोअर आणि बारा थ्रेडचे (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या ओळींचे) असल्यामुळे दुकानात ते सारखेच वाटतात, पण त्यांतील फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे.

रायझन ५-५६०० हा आजही समाधानकारक प्रोसेसर आहे. त्याच्यासोबत कूलर मिळतो, त्याचे मदरबोर्ड स्वस्त आहेत आणि तो डीडीआर ४ रॅमवर चालतो. मात्र त्याच्यात अंगभूत ग्राफिक्स नाही, म्हणजे ग्राफिक्स कार्डाशिवाय पडद्यावर काहीच उमटत नाही. शिवाय एएम४ची वाढ जवळपास संपली आहे. पुढे फार तर ५७००एक्स३डीसारखा त्याच पिढीतील वरचा प्रोसेसर बसवता येईल, तोही मिळाला तर. स्वस्तात मिळतो म्हणून बी४५० चिपसेटचा (बोर्डावरील नियंत्रक चिपचा) बोर्ड घेण्याआधी आणखी एक गोष्ट तपासावी. पीसीआय एक्स्प्रेस म्हणजे बोर्ड आणि कार्ड यांच्यातील माहितीचा मार्ग, आणि तो बोर्ड त्याच्या तिसऱ्या पिढीपुरताच आहे. एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० किंवा इंटेलचे आर्क बी५८० यांसारखी कार्डे त्या मार्गाच्या आठच लेनवर (पदरांवर) चालत असल्याने अशा बोर्डावर त्यांचा रस्ता अरुंद होतो, आणि कार्डाची मेमरी भरून गेलेल्या गेममध्ये ते लगेच जाणवते. एएम४ घ्यायचेच असेल तर बी५५० घ्यावा.

रायझन ५-७६०० याच्यात अंगभूत ग्राफिक्स आहे, पण त्याची दोनच युनिटे आहेत. त्यांच्यावर गेम चालत नाहीत, परंतु काम चालते. पहिल्यांदा संगणक जोडणाऱ्यासाठी मला हा फार मोठा गुण वाटतो, कारण पैसे दोन टप्प्यांत खर्च करता येतात: आधी कार्डाशिवाय संगणक उभा करून कामाला लागावे आणि चार-सहा महिन्यांनी कार्ड घ्यावे. कार्ड बिघडून दुरुस्तीला गेले तरी काम थांबत नाही. एएम५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही पाठिंबा राहील असे एएमडीने जाहीर केले आहे. आज ७६०० बसवलेल्या बोर्डावर बायोस (बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून ७८००एक्स३डीसारखा मोठ्या कॅशचा (प्रोसेसरच्या आतील जलद मेमरीचा) किंवा ९००० मालिकेतील प्रोसेसर बसतो. याच सॉकेटवरचा ८६००जी अंगभूत ग्राफिक्सवर हलके गेम चालवतो, त्यामुळे तो मोहात पाडतो. पण त्याची एल३ कॅश १६ एमबी, म्हणजे ७६००च्या निम्मी आहे, आणि पुढे कार्ड लावले तर त्याला आठच लेन मिळतात. कार्ड कधीच घ्यायचे नसेल त्यानेच ८६००जी घ्यावा.

इंटेलच्या बाजूला १२४०० आणि १२४००एफ हे दोन प्रोसेसर शेजारी ठेवलेले दिसतात. नावात ‘एफ’ असला की अंगभूत ग्राफिक्स नाही. हा फरक केवळ पडद्यापुरता नाही, कारण इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची यंत्रणा असते आणि व्हिडिओ उलगडण्याचे काम ती वेगाने करते. मिररलेस कॅमेऱ्यावर १० बिट ४:२:२ या रंगांचा जास्त तपशील ठेवणाऱ्या स्वरूपात लग्नसमारंभ चित्रित करून अडोबी प्रीमिअरमध्ये संपादन करणाऱ्यांना तिचा खरा उपयोग होतो. फोनवरच्या सर्वसाधारण चित्रीकरणासाठी मात्र कोणतेही आधुनिक कार्ड पुरेसे आहे, आणि आरटीएक्स ५० मालिकेतील कार्डे आता ४:२:२ सुद्धा उलगडतात, तेव्हा केवळ या एका कारणासाठी इंटेल घेण्याची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही. एलजीए १७०० सॉकेट १४व्या पिढीवर थांबले आहे. त्यात १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष आढळला, ज्यासाठी इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतील सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्ती पुढचे नुकसान टाळते, आधी झालेले भरून काढत नाही. म्हणून या दोन पिढ्यांतील आय७ किंवा आय९ वापरलेला, जुना घेऊ नये. १२४००ला हा दोष नाही.

माझा कौल एएम५च्या बाजूने आहे, परंतु त्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो मेमरीचा आहे.

रॅम: २०२५च्या अखेरीस बदललेले गणित

एएम५ फक्त डीडीआर ५ घेते, एएम४ फक्त डीडीआर ४. एलजीए १७००चे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, पण एका बोर्डावर एकच प्रकार चालतो. २०२५च्या अखेरीस मेमरी चिपचा मोठा ओघ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांकडे वळला आणि किरकोळ बाजारात रॅमचे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशल हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे ३२ जीबी डीडीआर ५ सरसकट घ्यावी, हा काही काळापूर्वीचा सोपा सल्ला आता सर्वांना झेपणारा नाही. घरातील जुन्या संगणकात ३२०० वेगाची चांगली डीडीआर ४ रॅम पडून असेल, तर ती वापरून ५६०० किंवा १२४०० वर संगणक जोडणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो, मग सॉकेटचे भविष्य काहीही असो.

जुनी रॅम नसेल आणि डीडीआर ५ बेतानेच घ्यायची असेल, तर ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात की १६ जीबीची एक, हा प्रश्न उभा राहतो. एरवी दोन पट्ट्या केव्हाही बऱ्या, कारण दोन चॅनेलमुळे मेमरीची वाहतूक दुप्पट होते. तरीही येथे मी १६ जीबीची एकच पट्टी सुचवेन. डीडीआर ५च्या ८ जीबी पट्ट्यांत चिप कमी असल्याने त्या मुळातच थोड्या मंद असतात आणि रॅम वाढवायची वेळ आली की त्या काढूनच टाकाव्या लागतात. एका पट्टीवर गेममध्ये सेकंदाला काही फ्रेम (चित्रे) कमी मिळतील, पण भाव उतरल्यावर त्याच जातकुळीची दुसरी पट्टी शेजारी लावता येते. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्या ६००० वेगाला एकत्र चालतीलच याची हमी नसते, तेव्हा वेग एक पायरी उतरवण्याची तयारी ठेवावी. चार पट्ट्यांचा बेत मात्र एएम५वर करू नये, कारण त्यात वेग बराच खाली आणावा लागतो.

ग्राफिक्स कार्ड: आठ, बारा की सोळा जीबी

आरटीएक्स ५०६० मध्ये ८ जीबी मेमरी आहे आणि ते १४५ वॅट घेते. आर्क बी५८० मध्ये १२ जीबी आहे, पण भूक १९० वॅटची. एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येते आणि दोन्ही खोक्यांवर नाव तेच असते, म्हणून खोक्यावरचा मेमरीचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आरटीएक्स ५०६० टीआयलाही हेच लागू आहे.

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे स्पर्धात्मक गेम १०८०पी वर खेळायचे असतील तर ८ जीबी पुरेशी आहे आणि तेथे कार्डापेक्षा प्रोसेसरच अधिक मोजला जातो. मोठ्या खुल्या जगाच्या नव्या गेममध्ये आणि विशेषतः १४४०पी पडद्यावर ८ जीबी अपुरी पडू लागली आहे. सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण मध्येच झटके बसतात आणि पोत धूसर होतात. केवळ गेमसाठी निवड करायची असेल, तर १६ जीबीचे ९०६० एक्सटी मला या गटात सर्वांत समतोल वाटते.

काम मध्ये आले की पारडे एनव्हिडियाकडे झुकते. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्राममध्ये एनव्हिडियाच्या ऑप्टिक्स (OptiX) तंत्रामुळे रेंडर, म्हणजे अंतिम चित्र, लवकर होते आणि मशीन लर्निंगचा अभ्यास करणाऱ्याला कुडामुळे (CUDA, कार्डाकडून गणित करवून घेणारी एनव्हिडियाची यंत्रणा) अडचणी कमी येतात. एएमडीचे एचआयपी आणि इंटेलचे वनएपीआय हे तिचे पर्याय ब्लेंडरमध्ये चालतात, पण इतर अनेक प्रोग्राम अजून कुडा गृहीत धरूनच लिहिलेले असतात. अशा वाचकाने ५०६० टीआयचे १६ जीबी रूप घ्यावे आणि तेवढे पैसे नसतील तर अंगभूत ग्राफिक्सवर थांबून ते जमवावेत. बी५८० किमतीच्या मानाने उदार आहे, परंतु त्याला बायोसमध्ये रिसायझेबल बार (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम वापरू देणारी सोय) चालू असावा लागतो आणि जुन्या किंवा मंद प्रोसेसरसोबत ते मागे पडते, त्यामुळे स्वस्त प्रोसेसर आणि बी५८० ही जोडी दिसते तितकी फायद्याची नाही.

एसएमपीएस, यूपीएस आणि आपली वीज

कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) या संगणकात वापरू नये, हे मी आग्रहाने सांगेन. ७६०० भरात असताना सुमारे ८८ वॅट घेतो, ५०६० टीआय १८० वॅट आणि बाकीचे भाग मिळून ५०-६० वॅट. म्हणजे एकूण सव्वातीनशेच्या आसपास. त्यासाठी नामांकित बनावटीचा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो आणि ६५० वॅटचा पुढील मोठ्या कार्डालाही सामावून घेतो. ८० प्लसचे ब्राँझ किंवा गोल्ड हे शिक्के विजेची बचत सांगतात, सुरक्षितता सांगत नाहीत. म्हणून शिक्क्याबरोबर वॉरंटीची वर्षेही पाहावीत.

महाराष्ट्रात शहराबाहेर राहणाऱ्याने यूपीएसचा खर्च सुरुवातीपासूनच धरावा. बाजारातील नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो आणि मॉनिटर धरला तर गेम चालू असताना तो काठावर येतो. १००० व्हीएच्या पुढचा घ्यावा. चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढून घेणारी रचना) असते आणि स्वस्त यूपीएसच्या नकली साइन वेव्हशी (विजेच्या पायऱ्यांसारख्या लहरीशी) त्याचे कधीकधी जमत नाही, त्यामुळे वीज जाताच संगणक बंद पडतो. शक्य असेल तर शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस किंवा इन्व्हर्टर घ्यावा. घरचा इन्व्हर्टरच वापरायचा असेल, तर त्याच्या मागचे बटण यूपीएस मोडवर आहे का ते पाहावे, कारण दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा वेळ संगणकाला सोसवत नाही. भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटच्या तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घेणे या सर्व खर्चात स्वस्तातले आणि महत्त्वाचे काम आहे.

उरलेले भाग

कॅबिनेट पुढून जाळीचे असावे. पुढे काच असलेले दिसायला देखणे असते, पण विदर्भात एप्रिल-मेमध्ये खोलीच ३८ अंशांवर असते आणि आतले तापमान त्याच्यावर चढत जाते. कागदावर ६५ वॅटच्या असलेल्या या प्रोसेसरांना पाण्याच्या कूलरची गरज नाही. सोबत आलेला कूलर चालतो आणि आवाज खटकल्यास साधा टॉवर कूलर पुरे. एसएसडी १ टीबीची, एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी जलद) आणि टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या चिपची) प्रकारची घ्यावी. पीसीआय एक्स्प्रेसच्या पाचव्या पिढीच्या एसएसडीच्या वेगाचा कामात किंवा गेममध्ये अनुभवण्याजोगा फायदा नाही. मॉनिटरच्या बाबतीत, दिवसभर मजकूर वाचणाऱ्याने २४ इंची १०८०पी ऐवजी २७ इंची १४४०पी घ्यावा. एका इंचात सुमारे ९२ ऐवजी १०९ बिंदू येतात आणि लहान आकारातील जोडाक्षरे व अनुस्वार स्वच्छ दिसतात. त्याच वेळी कार्डावरचा भार पावणेदोन पटींहून थोडा अधिक होतो, हे कार्ड निवडताना धरावे.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून करावी की ऑनलाइन, याचे उत्तर भावावर कमी आणि बिलावर जास्त अवलंबून आहे. जीएसटीचे पक्के बिल आणि त्यावर भागांचे अनुक्रमांक असतील तरच वॉरंटीचा दावा सुरळीत होतो. खोक्याशिवाय मिळणारा ट्रे प्रोसेसर थोडा स्वस्त असतो, पण त्याची जबाबदारी बहुधा दुकानदाराचीच राहते. परदेशातील नातलगाकडून कार्ड मागवायचे असेल तर त्या कंपनीची वॉरंटी भारतात लागू होते का हे आधी विचारावे, कारण अनेक कार्डांची वॉरंटी विकल्या गेलेल्या देशापुरतीच असते.

जोडणीत सॉकेटचा फरक पुन्हा समोर येतो. एएम४मध्ये पिना प्रोसेसरला असतात, एएम५ आणि एलजीए १७००मध्ये बोर्डाला. बोर्डाची पिन वाकली तर वॉरंटी सहसा नाकारली जाते, म्हणून दुकानातून निघण्यापूर्वीच झाकण उघडून पिना पाहून घ्याव्यात. एएम५वर पहिल्यांदा वीज दिल्यावर रॅमची जुळवणी होईपर्यंत पडदा काही मिनिटे काळाच राहतो. तेवढ्यात घाबरून बटण दाबू नये. पडदा उजळला की बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी मांडणी) चालू करावे, नाहीतर ६००० वेगाची रॅम तिच्या मूळच्या कमी वेगावरच चालत राहते.