गोव्याच्या पावसात डीह्युमिडिफायर: दमा आणि ॲलर्जी असलेल्या घरातून रिव्ह्यू

आम्ही फोंड्याला राहतो, तळमजल्याचा फ्लॅट, मागे डोंगर कापून बिल्डिंग बांधलेली, त्यामुळे जून लागला की मागची भिंत घाम फुटल्यासारखी ओली होते आणि ऑक्टोबरपर्यंत वाळत नाही. लेकीला बाळदमा आहे, सोबत ॲलर्जीची सर्दी, सकाळी उठली की आधी शिंका आणि मग छातीत सूं सूं. टेस्टमध्ये धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) आणि बुरशी दोन्हींची ॲलर्जी निघाली. म्हणून आम्ही कंप्रेसरवाला १२ लिटरचा डीह्युमिडिफायर घेतला, साधारण १५ हजारांना पडला, आणि पूर्ण पावसाळा वापरून झाल्यावर हे लिहितेय कारण गोव्यातले बरेच पालक विचारतात की घ्यावा का.

आधी मशीन करतं काय ते. आत थंड कॉइल असते, खोलीतली दमट हवा तिच्यावरून जाते, पाणी सुटतं आणि खालच्या टाकीत जमा होतं, कोरडी झालेली हवा परत खोलीत. आमच्याकडे सुरुवातीला टाकी पटापट भरायची कारण गाद्या, भिंती, कपाटातले कपडे सगळेच ओल सोडत होते, नंतर रात्रभरात दोन-तीन लिटरवर स्थिरावलं. बॉक्सवर १२ लिटर लिहिलेलं बघून कोणी रोज बादलीभर पाण्याची अपेक्षा ठेवू नका, तो आकडा साधारण ३० डिग्री आणि ८० टक्के आर्द्रतेत २४ तास चालवल्यावरचा असतो.

मशीनसोबत एक छोटं आर्द्रता मोजायचं मीटर पण घ्याच, चार-पाचशे रुपयांत मिळतं. मशीनच्या डिस्प्लेवर विसंबू नका, तो मशीनच्या तोंडाशी असलेली हवा मोजतो, आम्ही मीटर लेकीच्या उशाशी ठेवलाय. जुलैत बाहेर धो धो पाऊस असताना खोली बंद करायच्या आधी मीटर ८८ दाखवायचा आणि झोपायच्या वेळेपर्यंत ५५ च्या आसपास यायचा. हा आकडा का महत्त्वाचा, तर माइट्स पाणी पीत नाहीत, हवेतली ओल अंगात शोषून जगतात, आर्द्रता ५० च्या खाली सतत राहिली की ते सुकून मरत जातात. गोव्याच्या पावसात ५० च्या खाली सतत ठेवणं जवळपास अशक्य आहे, दार उघडलं की परत चढतं. पण ८८ चं ५५ झालं तरी बुरशी थांबते हे मी डोळ्यांनी बघितलं. कपाटाच्या मागे दरवर्षी हिरवट काळे ठिपके यायचे ते यंदा आले नाहीत, चामड्याच्या बेल्टवर पांढरी साय धरायची ती पण नाही, खोलीतला कुबट वास गेला.

आता मुख्य मुद्दा. माइट मेला तरी ॲलर्जी करणारी गोष्ट म्हणजे त्याची विष्ठा, ती गादीत उशीत तशीच राहते. मशीन ती काढत नाही. ती काढायला चादरी-अभ्रे आठवड्याला ६० डिग्रीच्या गरम पाण्यात धुवायचे आणि गादी-उशीला माइटप्रूफ चेनवालं कव्हर घालायचं, आम्ही दोन्ही करतो. आणि मे महिन्यात पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) गडबड चालते तेव्हा मिरची-सोलांबरोबर गाद्या पण कडक उन्हात टाकायची आपली जुनी पद्धत आहे ना, ती सोडू नका, खूप उपयोगाची आहे.

आणि हे पण स्पष्ट सांगते, नुसता डीह्युमिडिफायर लावून दमा सुधारतो असा ठाम पुरावा संशोधनात नाही. दमा म्हणजे श्वासनलिकांना आतून आलेली सूज, ती सूज कमी करतो तो रोजचा स्टिरॉइडवाला पंप (इनहेलर), मायक्रोग्रॅममध्ये डोस असतो, थेट नळीत जातो. धाप लागल्यावर घ्यायचा सालब्युटामॉलचा पंप नळी तेवढ्यापुरती मोकळी करतो, सूज तशीच राहते. २०१९ पासून दम्याच्या जागतिक गाइडलाइनमध्येच आहे की मोठी माणसं आणि टीनएजर मुलांनी नुसत्या सालब्युटामॉलवर राहू नये, लहान मुलांचं डॉक्टर वयाप्रमाणे ठरवतात. आपल्याकडे अजून "पंप लागला की सुटत नाही" म्हणत लोक रोजचा पंप बंद करतात आणि हजारोंची मशीनं घेतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. पैसे मोजकेच असतील तर आधी पंप, मग तो नीट घ्यायला स्पेसर (पंपाला जोडायचा प्लास्टिकचा पोकळ डबा), मग गादीचं कव्हर, मशीन सगळ्यात शेवटी. स्पेसर काही शेकड्यांत येतो आणि मुलांच्या बाबतीत मोठा फरक पाडतो, पंप हलवायचा, एक फवारा, पाच-सहा शांत श्वास, मग दुसरा, आणि स्टिरॉइडचा असेल तर शेवटी खळखळून चूळ. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्यायचा, फडक्यानं आतून पुसलं तर प्लास्टिकवर चार्ज येतो आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं.

मशीनच्या त्रासाच्या गोष्टी पण ऐका. खोली गरम होते, दोन-तीन डिग्री सहज, कारण हे एसी नाही, सगळी उष्णता खोलीतच सोडतं. म्हणून आम्ही संध्याकाळी खोली रिकामी असताना दारं-खिडक्या लावून चालवतो आणि झोपताना पंख्यासोबत कमी स्पीडवर. आवाज जुन्या फ्रीजसारखा आहे, लेकीला सवय झाली, माझ्या नवऱ्याला अजून नाही. साधारण २०० वॅटचं असल्यामुळे दहा तास चाललं की दोनेक युनिट जातात. फिल्टर दर पंधरवड्याला धुवावा लागतो नाहीतर त्यावरच धूळ बसते आणि मग ॲलर्जीवाल्या घरात उलटंच काम. टाकी रोज रिकामी करून पुसायची, ते पाणी फरशीला चालतं, पिण्यात घेऊ नका. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी आधी त्याचा ड्राय मोड चालवून मीटरवर बघा, कदाचित नवीन खर्च लागणारही नाही.

वाळपईला सासरी आमचं कौलारू घर, तिथे जाऊबाई म्हणाल्या, "गो, एक रात्र आमच्याकडं लावून बघ, अण्णांना खोकल्यात काय फरक पडतो का." मशीन गाडीत घालून नेलं. रात्रभर चाललं, टाकी भरली पण मीटर ८५ च्या खाली हललाच नाही, कारण कौलांच्या फटींतून आणि वाश्यांच्या वरून बाहेरची हवा सारखी आत येते. माडी किंवा सीलिंग नसलेल्या खोलीत हे मशीन घेऊच नका. अण्णांच्या खोलीत आम्ही शेवटी कापसाची जुनी उशी बदलली, डासांची कॉइल बंद करून मच्छरदाणी लावली आणि चुलीचा धूर त्या बाजूला येतो ती खिडकी बंद ठेवली. धूर, अगरबत्ती, कॉइल यांच्यावर डीह्युमिडिफायर काहीच करू शकत नाही, चवथीला घरभर धूप आणि बाहेर फटाके असले की लेकीची तयारी आम्ही डॉक्टरांना विचारून आधीच करून ठेवतो.

लेकीचं सांगायचं तर सकाळच्या शिंका स्पष्ट कमी झाल्या, रात्री खोकून उठणं कमी झालं, पण रोजचा पंप आणि कव्हर दोन्ही त्याच वेळी चालू होते, त्यामुळे सगळं श्रेय मशीनला देणार नाही. खोली कोरडी ठेवायच्या कामाला माझ्याकडून पाचपैकी चार.

घेणार असाल तर कंप्रेसरवालाच घ्या. दोन-तीन हजारांत मिळणारे छोटे बिनकंप्रेसरवाले कपाटापुरते ठीक, खोलीला पुरत नाहीत. टाकी भरली की आपोआप बंद होतं का आणि मागे पाइप लावायची सोय आहे का ते दुकानातच चालवून बघा, आणि सर्व्हिसवाला गोव्यात बसतो की कोल्हापूर-बेळगावहून येणार हे बिल करायच्या आधी विचारा, कारण जुलैत मशीन बंद पडलं तर वाट बघण्यात अर्धा पावसाळा जाईल.