ओरिजनल कागद ठेवून घेणारं नर्सिंग कॉलेज : माझा आणि माझ्या भाचीचा अनुभव

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून खासगी दवाखान्यात नोकरी करणाऱ्या ज्या सिस्टरांना सध्या "नोकरी करता करता पोस्ट बेसिक करा, फक्त परीक्षेला या" असे फोन येत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. (पोस्ट बेसिक म्हणजे जीएनएमनंतर करायची बीएस्सी पदवी.) बारावीचा निकाल हातात घेऊन बीएस्सी नर्सिंगचं कॉलेज शोधणाऱ्या मुलींच्या आईवडिलांनीही वाचावं. आमच्या घरात एकाच एजंटने दोघींना फसवलं: मला पोस्ट बेसिकच्या नावाखाली आणि माझ्या नणंदेच्या मुलीला बीएस्सीच्या.

मी अमरावतीला स्टाफ नर्स आहे. जीएनएमवाली आणि पदवीवाली यांच्या वॉर्डातल्या कामात फारसा फरक नसतो, पण पुढे जायची वेळ आली की पदवी मागतात. समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचं तर नर्सकडे बहुतेक ठिकाणी बीएस्सी मागतात. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला पदवीवाल्या मुलीला अनुभवाची अट नाही, जीएनएमवालीला मात्र 50 खाटांच्या रुग्णालयातला 2 वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. ट्यूटर होणं, एमएस्सी करणं तर पदवीशिवाय नाहीच. त्यावर उपाय म्हणजे पोस्ट बेसिक बीएस्सी. पण तो 2 वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम. घरात शाळकरी मुलगा, सासूबाईंचं आजारपण, घराचा हप्ता. अशा बाईने पगार सोडून 2 वर्षं वर्गात बसायचं कसं? आपली ही अडचण एजंट लोकांना पाठ असते, आणि त्यांचा सगळा धंदा तिच्यावरच उभा आहे.

2021 सालची गोष्ट. कोविडची दुसरी लाट नुकतीच ओसरली होती. आमच्याच दवाखान्यातल्या एका ब्रदरने एका एजंटचा नंबर दिला. एका कॉम्प्लेक्समध्ये गाळा, बाहेर अ‍ॅडमिशनच्या मार्गदर्शनाची पाटी, आत भिंतीवर टोपी घातलेल्या नर्सेसचे फोटो. तो माणूस अतिशय गोड बोलायचा. "ताई, तुम्ही ड्यूटी करत राहा. नॉन अटेंडिंगमध्ये बसवतो तुम्हाला. हजेरीचं कॉलेज बघून घेतं. लॉगबुक, केस स्टडी सगळं तयार मिळेल. तुम्ही फक्त पेपरला यायचं." कॉलेज सीमेपलीकडे, मध्य प्रदेशात होतं. अमरावतीहून एस.टी.ने जाता येईल इतक्या अंतरावर.

मान्यतेचं मी विचारलं. त्याने लगेच प्लास्टिकच्या फोल्डरमधून पत्र काढलं. शासकीय मुद्रा, जावक क्रमांक, सही-शिक्का, सगळं होतं. ते पत्र खरंच होतं, आणि तिथेच तर सगळी मेख होती. ती मान्यता जीएनएमची होती आणि आधीच्या एका सत्राची होती. नर्सिंगमध्ये मान्यता कॉलेजला सरसकट मिळत नाही. ती अभ्यासक्रमाप्रमाणे, जागांच्या संख्येसह आणि सत्राप्रमाणे असते. एखाद्या संस्थेकडे जीएनएमच्या जागा असतात, पण पोस्ट बेसिकची एकही नसते. गेल्या वर्षी परवानगी असते आणि यंदा नसते. पत्रावरचं कॉलेजचं नाव बरोबर असलं की समोरचा माणूस पुढे वाचत नाही, हे त्यांना माहीत असतं. म्हणून असं पत्र कुणी पुढे केलं तर त्यावरचा अभ्यासक्रम आणि सत्र या दोन ओळी बोट ठेवून वाचा.

पहिला हप्ता 60 हजारांचा, रोख. पावती साध्या पॅडवर, तिच्यावर कॉलेजचं नावही नाही. आणि मग तो म्हणाला, "व्हेरिफिकेशनसाठी ओरिजनल लागतील ताई, पंधरा दिवसांत परत." दहावी-बारावीची गुणपत्रकं, जीएनएमची तिन्ही वर्षांची, डिप्लोमा आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं माझं नोंदणी प्रमाणपत्र. या कागदांची पोच त्याने दिली नाही.

मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते हेच. या लोकांचा खरा डाव फीवर नसतो, ओरिजनल कागदांवर असतो. पैसे गेले की माणूस चार दिवस रडतो आणि सोडून देतो. पण नोंदणीचं प्रमाणपत्र ज्याच्या कपाटात आहे, त्याने बोलावलं की आपल्याला जावंच लागतं आणि तो मागेल तो पुढचा हप्ता द्यावाच लागतो. तक्रार करायची म्हटली तर घरचेच म्हणतात, आधी कागद येऊ दे, मग बोल. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्येच स्पष्ट केलेलं आहे की संस्थांनी विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची नाहीत; तपासून तिथल्या तिथे परत करायची. जे कॉलेज ओरिजनल ठेवून घेतं, त्याच्याबद्दल आणखी काही शोधायची गरज नाही. तिथूनच उठावं.

परीक्षा होईना. आधी कारण कोविडचं होतं, नंतर कोर्टाचं. कोर्टाचं कारण खोटं म्हणता येत नव्हतं, कारण मध्य प्रदेशात त्याच काळात नर्सिंग कॉलेजांचा मोठा घोटाळा उघड झाला होता. इमारत नाही, शिक्षक नाहीत, रुग्णालय नाही, तरी मान्यता, असे प्रकार जबलपूरच्या उच्च न्यायालयापुढे आले. 2023 मध्ये नर्सिंगच्या परीक्षांना स्थगिती मिळाली, आणि न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने 308 कॉलेजं तपासली. 2024 च्या सुरुवातीला आलेल्या अहवालात 169 योग्य, 74 मध्ये त्रुटी आणि 65 अयोग्य निघाली. पुढे मे 2024 मध्ये योग्य अहवाल देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने आपल्याच पथकातल्या अधिकाऱ्यांना अटक केली, आणि योग्य ठरलेल्या कॉलेजांचीही पुन्हा तपासणी करायची वेळ आली. हे सगळं पेपरात येत होतं, आणि आमचा एजंट तेच कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. "बघा ताई, सगळ्यांचंच अडकलंय. निकाल लागला की तुमचं पण मोकळं."

त्या आडोशाला माझी खरी परिस्थिती लपली होती. ती एका साध्या प्रश्नाने बाहेर आली. भोपाळला शिकलेल्या एका सहकारी मुलीने विचारलं, "दीदी, तुमचा नामांकन नंबर काय?" तिकडे विद्यापीठाच्या एनरोलमेंटला नामांकन म्हणतात. प्रवेश झाल्यावर विद्यापीठ तो नंबर देतं. माझ्याकडे नव्हता. एजंटला विचारलं तर तो चिडला. मग मी माहिती अधिकारात विद्यापीठाकडे अर्ज केला. उत्तर आलं: त्या संस्थेला त्या सत्रात पोस्ट बेसिकची संलग्नताच नव्हती. म्हणजे माझा प्रवेश कधी झालाच नव्हता. अडकण्यासारखं काही नव्हतंच.

भाचीचं वेगळं झालं, आणि मला तिच्याबद्दल जास्त वाईट वाटतं. ती अठरा वर्षांची होती. महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगचा प्रवेश सीईटीवर आणि सीईटी सेलच्या गुणवत्ता यादीवर होतो. "आमच्याकडे सीईटीची भानगडच नाही, थेट सीट," असं सांगून त्याच माणसाने तिच्या वडिलांकडून सोयाबीन विकून आलेले पैसे घेतले. तिचा प्रवेश खरा होता. नामांकन होतं, हॉस्टेल होतं. रुग्णालय मात्र नव्हतं. बीएस्सी नर्सिंगच्या कॉलेजला 100 खाटांचं रुग्णालय लागतं आणि एका विद्यार्थिनीमागे 3 रुग्ण असं प्रमाण धरलं जातं. तिथे एका मजल्यावर खाटा मांडलेल्या होत्या आणि गाद्यांवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. तपासणी असली की आसपासच्या गावांतून माणसं आणून झोपवायचे, सलाईनचे स्टँड शेजारी उभे करायचे आणि मुलींना गणवेशात प्रत्येक खाटेजवळ उभं करायचे. तिने मला फोटो पाठवले तेव्हा मी नाइटवर होते. रात्रभर काम सुचलं नाही.

पहिलं वर्ष संपत आलं होतं आणि तिने एकाही खऱ्या पेशंटचा रक्तदाब घेतलेला नव्हता. इंजेक्शन दिलं नव्हतं, बेडसोअरचं ड्रेसिंग पाहिलं नव्हतं. तिच्या लॉगबुकात मात्र सगळ्या प्रोसिजर केल्याच्या सह्या होत्या. मी आयसीयूत काम करते. सॅच्युरेशन उतरताना मॉनिटरच्या आधी पेशंटचा चेहरा बदलतो, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. आमच्या सिस्टर इन्चार्जने माझा हात धरून पेशंटजवळ उभं करून शिकवलं. अशा खोट्या सह्यांवर पास झालेली मुलगी उद्या लेबर रूममध्ये एकटी असेल आणि बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नसेल, तर काय होईल? ही फसवणूक फक्त त्या मुलीची नाही, तिच्या हातात येणाऱ्या प्रत्येक पेशंटची आहे. "लॉगबुक तयार मिळेल" हे वाक्य सवलतीसारखं कानावर येतं, पण त्याचा अर्थ हा आहे.

नॉन अटेंडिंगबद्दल आणखी एक गोष्ट, जी एजंट कधीच सांगत नाही. समजा माझी पदवी मिळालीही असती. मग माझ्याकडे त्याच 2 वर्षांचा अमरावतीतल्या नोकरीचा अनुभवाचा दाखला, पगारपत्रक, पीएफची नोंद असती, आणि त्याच 2 वर्षांची दुसऱ्या राज्यातल्या पूर्णवेळ कॉलेजातली हजेरी. हे दोन्ही एकाच वेळी खरं असूच शकत नाही. आखाती देशांत जाणाऱ्या नर्सेसची कागदपत्रं डेटाफ्लो या पडताळणी कंपनीमार्फत थेट मूळ संस्थांकडून पडताळली जातात. परराज्यातली पदवी आपल्या कौन्सिलकडे अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवतानाही तिकडच्या कौन्सिलकडून खात्री केली जाते. तिथे अशा तारखा समोरासमोर आल्या की पदवी तर जातेच, जुना प्रामाणिक अनुभवही संशयात येतो.

दूरस्थ किंवा ऑनलाइन नर्सिंग पदवीच्या जाहिराती दिसतात, त्याही ओळखून असा. विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीला मनाई केलेल्या विषयांत नर्सिंग आहे. नोकरीतल्या नर्सेससाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पोस्ट बेसिक हा अपवाद, पण त्याचं स्वरूप नीट पाहा: जीएनएम आणि नोंदणी झालेली असावी लागते, त्यानंतरचा अनुभव लागतो, प्रवेश परीक्षा असते, अभ्यासक्रम 2 नाही तर 3 वर्षांचा असतो, आणि ठरवून दिलेल्या केंद्रावर वर्ग आणि प्रात्यक्षिकं प्रत्यक्ष करावी लागतात. खरी सोय अशी असते. तिच्यातही घाम गाळावाच लागतो.

नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात माझी निवड झाली होती. रुजू होताना मूळ नोंदणी प्रमाणपत्र दाखवायचं होतं. मी कॉलेजला गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, "पहले पूरी फीस जमा करो, फिर कागज मिलेंगे." ज्या अभ्यासक्रमात माझं नाव कधी नोंदलंच नाही, त्याची पूर्ण फी. ती जागा दुसरीला गेली. एका ओळखीच्याने सुचवलं की कागद हरवल्याची तक्रार दे आणि डुप्लिकेट काढ. मी ते केलं नाही. कागद हरवलेच नव्हते. मी तसं लिहून दिलं असतं तर त्यांचा गुन्हा पुसला गेला असता आणि खोटी तक्रार माझ्या नावावर लागली असती.

पैसे आणि कागद दोन्ही अमरावतीत घेतले गेले होते, म्हणून तक्रार इथेच दिली. ठाण्यात पहिल्यांदा "कॉलेज एमपीत आहे, तिकडे जा" असं सांगितलं गेलं. व्यवहार जिथे झाला तिथे गुन्हा नोंदवता येतो, हे वकिलांनी लेखी अर्जात मांडल्यावर दखल घेतली. व्यवहार 1 जुलै 2024 च्या आधीचा असल्यामुळे जुनं कलम 420 लागलं; त्यानंतरच्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं 318 लागतं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. माझे रोख गेले होते, तो मार्ग मला नव्हता. गुन्हा नोंदल्यावर कॉलेजने नोंदणी प्रमाणपत्र आणि बहुतेक कागद पोलिसांमार्फत पाठवले. जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाचं गुणपत्रक अजून आलेलं नाही, पैशांचा तर पत्ताच नाही. तो गाळा आता बंद आहे, पण त्याच माणसाचा नवीन नंबरवरून बारावीच्या मुलींना फोन जातो, हे मला दोन घरांतून कळलं आहे. भाची परत आली, सीईटी दिली, आणि आता नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. तिची बरोबरची मैत्रीण त्याच कॉलेजात राहिली, कारण तिच्या घरी पुन्हा फी भरायची ऐपत नव्हती.

प्रवेश घ्यायच्या आधी महाराष्ट्रातल्या कॉलेजसाठी आरोग्य विद्यापीठाची संलग्न कॉलेजांची यादी आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, दोन्हीकडे स्वतः पाहा. जीएनएम किंवा एएनएम (सहायक परिचारिकेचा कोर्स) असेल तर विद्यापीठाऐवजी राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. परराज्यातलं असेल तर तिकडची कौन्सिल, तिकडचं विद्यापीठ आणि भारतीय नर्सिंग कौन्सिलची त्या सत्राची यादी. आणि एकदा तरी सकाळी आठ वाजता, न सांगता, त्यांच्या रुग्णालयात जाऊन या. पेशंट आहेत का, मुली काम करताना दिसतात का, ते पाच मिनिटांत दिसतं.

ज्यांचे कागद आत्ताच अडकलेले आहेत, त्यांनी पहिला अर्ज पैशांचा करू नये, कागदांचा करावा. प्रत्येक प्रमाणपत्राचं नाव, त्याचा क्रमांक, ते कोणाच्या हातात कोणत्या तारखेला दिलं, हे लिहून कॉलेजला पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. माझ्या तक्रारीत पोलिसांनी सगळ्यात आधी तीच पोच मागितली होती.