स्लॅब चोख, पण जोत्याचा भराव कच्चा (5 पैकी 2 तारे)

आमचं घर परभणीत, काळ्या रानात. 2021 साली बांधून घेतलं. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, कामाबद्दल लिहिते. पायाचे खड्डे त्यांनी काळी माती ओलांडून कडक मुरमापर्यंत नेले आणि स्लॅबमधून आजवर थेंब गळला नाही. दोन तारे त्याचेच.

घात झाला जोत्यात. तीन फुटांचा भराव दोन दिवसांत उरकला. ट्रॉल्या रिकाम्या केल्या, वरून टँकर सोडला, झालं. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, पाणी पाजलंय, आता दगड होतो बघा."

दुसऱ्या पावसाळ्यानंतर स्वयंपाकघरात स्कर्टिंगखाली फट दिसली. आधी पोस्टकार्ड जाईल एवढी, मग माझी करंगळी जायला लागली. रुपयानं ठोकलं की फरशी पोकळ वाजायची. देवघराची चार इंची भिंत बीमवर नव्हती, फरशीवरच उभी केलेली. ती खचली आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर गेली. बीमवरच्या बाहेरच्या भिंती मात्र जशाच्या तशा. ठेकेदार आले, फट सिमेंटनं बुजवून गेले. महिन्याभरात ती पुन्हा उघडली.

शेवटी दुसऱ्या मिस्त्रींकडून फरशी उकरून घेतली. कोब्याखाली आडवा हात सहज सरकेल एवढी पोकळी! मुरमात नारळाएवढी काळी ढेकळं, विटांचे तुकडे, सिमेंटची रिकामी गोणी. ते बघून रडूच आलं. ढेकळांमधली पोकळी कुटूनच घालवावी लागते. नुसत्या पाण्यानं भराव थोडा बसतो, उरलेला पुढे वर्षानुवर्षं बसत राहतो. त्यात काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते.

नव्या भरावाच्या वेळी मी तिथेच खुर्ची टाकून बसले. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे कुटाईचं यंत्र. मुरूम किती ओला हवा ते मिस्त्रींनी मुठीत दाबून दाखवलं: गोळा व्हावा, हाताला चिखल लागू नये, खाली टाकला की फुटावा. लॅबच्या माणसानं थरात छोटा खड्डा करून निघालेला मुरूम तोलला, मग मोजून वाळू ओतून खड्ड्याचं माप काढलं. प्रॉक्टर चाचणीत, म्हणजे लॅबमध्ये तोच मुरूम कुटून तो जास्तीत जास्त किती घट्ट बसतो ते बघतात त्यात, निघालेल्या कमाल घनतेच्या 95 टक्के भरल्यावरच पुढचा थर.

कुठल्याही ठेकेदाराला काम देणार असाल तर करारात थराची जाडी, कुटाई आणि ही चाचणी लिहून घ्या, आणि भरावाच्या दिवशी घरचं कुणीतरी साइटवर थांबा.